मारुतीच्या वळणावरची टेस्ट

मी शाळेत गणित शिकवायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींना नापास केलं आणि वर त्यांच्या आयांना सांगितलं, "काही बिघडत नाही, पुन्हा बसेल, सुटेल." निवृत्त झाल्यावर गाडीच्या टेस्टमध्ये मी स्वतः नापास झाले तेव्हा हे वाक्य किती पोकळ आहे ते कळलं. नापास झालेल्या माणसाला काही बिघडत नाही असं सांगू नये. त्याचं काय बिघडलंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

माझं काय बिघडलं होतं ते सांगते. माझ्या नवऱ्याला काचबिंदू आहे. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून नीट समजावलं होतं. समोरचं दिसत राहील, कडेचं हळूहळू जाईल, आणि जे गेलं ते परत येणार नाही. थेंब नेमाने घातले तर उरलंय ते टिकवता येईल. एवढं सांगून ते म्हणाले, "आणि गाडी चालवणं आता बंद करा." नवऱ्याने थेंबांना मान डोलावली. गाडीचं वाक्य त्याच्या कानावरून गेलं.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही शिकू दे. हिच्या हातात लायसन आलं की मी किल्ली ठेवतो. शब्द हाय माझा." डॉक्टर खूश झाले. मी मात्र नवऱ्याला ओळखून होते. ही बाई सायकलसुद्धा कधी धड चालवू शकली नाही, हिला लायसन कुठलं मिळतंय, असा त्याचा हिशेब होता. मंगळवार पेठेतलं आमचं घर आणि माझी शाळा यांत चालत जाण्याएवढंच अंतर. त्यामुळे मला कधी काही चालवायची गरज पडली नव्हती. बाकी सगळीकडे तोच नेत असे.

गाडी म्हणजे त्याचा जीव. उद्यमनगरात त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. डोळ्यांची तक्रार सुरू झाली तसं ते त्याने भागीदाराच्या गळ्यात घातलं आणि घरी बसला. उरली ती गाडी. रोज सकाळी तो ती पुसायचा, दर रविवारी मला घेऊन जयसिंगपूरला मुलीकडे जायचा. तिथे आमची नात आहे, अजून धड बोलतही नाही, पण आजोबांच्या गाडीचा हॉर्न ओळखते. मी कितीदा म्हटलं, एसटी आहे, रेल्वे आहे, बसून जाऊ की आरामात. "घरात गाडी असताना एसटीनं? लोक काय म्हणतील, दिवाळं निघालं?" असं म्हणून तो किल्ली उचलायचा.

आणि तोपर्यंत मला दिसायला लागलं होतं की त्याला दिसत नाही. कपाटाचं उघडं दार डोक्याला लागायचं. ताटाच्या डाव्या बाजूची चटणी तशीच राहायची आणि वर "आज चटणी न्हाई काय?" असं विचारायचा. एके सकाळी गल्लीच्या तोंडाशी आमच्या गाडीचा डावा आरसा एका गवळ्याच्या मोटारसायकलला अडकवलेल्या कॅनला घासला. मी पर्समध्ये चष्मा शोधत होते, मलाही आवाजच ऐकू आला. कॅन आडवा होऊन दूध रस्त्यावर. गवळी काचेशी येऊन म्हणाला, "ओ पावणं, डोळं घरात ठिवून आलायसा काय?"

माझा नवरा असलं ऐकून घेणारा माणूस नव्हे. एरवी त्याने खाली उतरून गवळ्याच्या बरोबरीने आवाज चढवला असता आणि मग दोघांनी शेजारच्या टपरीवर चहा घेतला असता. त्या दिवशी तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसता समोर बघत बसला. मीच उतरले आणि माफी मागितली. त्याच्या भांडणाची मला कधी भीती वाटली नाही. त्या गप्प बसण्याची वाटली. त्याच आठवड्यात मी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

शिकवणारे मास्तर वयाने माझ्याएवढेच, अत्तर लावून यायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. माझ्या पायाला क्लचचं गणित काही केल्या उमगेना. गाडी आचके देत बंद पडायची आणि मागून रिक्षावाले ओरडायचे. मास्तर म्हणायचे, "मॅडम, त्यांच्याकडं लक्ष देऊ नका, त्यांचं रोजचंच हाय." घरी आले की नवरा विचारायचा, "आज किती वेळा बंद पाडलीस?" शनिवारी तो मला मोकळ्या मैदानावर घेऊन जायचा आणि तिथे शिकवायच्या नावाखाली असा ओरडायचा की लांबवर क्रिकेट खेळणारी पोरं थांबून बघायची. तरी मी शिकले. आठचा आकडा जमला, रिव्हर्स जमलं, चढावर गाडी मागे न येऊ देता उचलणंही जमलं. जमत गेलं तसा नवऱ्याचा आवाज खाली येत गेला. शेवटी शेवटी तो काही बोलेनासाच झाला.

टेस्टच्या दिवशी ट्रॅकवरचं सगळं बिनचूक झालं. मग परीक्षक साहेब माझ्या शेजारी डावीकडे बसले, मास्तर मागे, आणि आम्ही रस्त्यावर निघालो. साहेब तरुण होते, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या धाकट्या भावाएवढे. एका वळणावर पिंपळाखाली मारुतीचं छोटं देऊळ आहे. गाडी त्या वळणावर आली आणि माझा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटून छातीला लागला, छातीवरून ओठांना लागला, आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा गाडी थांबलेली होती. मास्तरांच्या गाडीला शेजारच्या सीटपुढे पायाशीही ब्रेक असतो, तो साहेबांनी दाबला होता. पुढे एक हातगाडीवाला केळी सावरत आमच्याकडे बघत होता. अंतर बरंच होतं, त्याला काही झालं नसतं, असं मी आजही स्वतःला सांगते.

"मॅडम, हे काय?" साहेब म्हणाले.

"नमस्कार केला."

"ते दिसलं. डोळं कशाला मिटलासा?"

मी म्हटलं, एक क्षणभरच. साहेब म्हणाले, "देवाला नमस्कार करायला माझी ना न्हाई. पण गाडी चालवणाऱ्यानं न्हाई करायचा. आठवड्यानं या परत." आवाजात राग नव्हता. म्हणून जास्त लागलं.

हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण आमच्याकडे गाडीतल्या माणसांची कामं वाटून दिलेली असतात. चालवणाऱ्याने रस्त्याचं बघायचं आणि शेजारी बसलेल्याने देवांचं बघायचं. देऊळ आलं की नवरा नुसता हॉर्नला बोट लावायचा आणि म्हणायचा, "माझाबी कर." मग मी दोघांचा मिळून करायची. आपल्या गल्लीतल्या गणपतीला, तालमीच्या मारुतीला, कोपऱ्यावरच्या पिराला, लांबून दिसणाऱ्या जोतिबाच्या डोंगराला. जयसिंगपूरला पोचेपर्यंत माझा हात खाली म्हणून बसायचा नाही. लग्न झाल्यापासून ते काम माझं होतं आणि मी ते मन लावून केलं. सीट बदलली म्हणजे काम बदललं, हे डोक्याला कळलं होतं. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

नवरा बाहेर झाडाखाली उभा होता. माझा चेहरा बघून त्याला कळलं. काय झालं ते ऐकल्यावर तो आधी बघत राहिला आणि मग हसायला लागला. घरी पोचेपर्यंत अधूनमधून हसत होता. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला माहीत झालं. "आमच्या हिनं मारुतीला बघून डोळं झाकलं, साहेबानं बसल्या जागी नापास केलं." शेजारच्या काकूंनी मला दारातून विचारलं, "व्हय ओ बाई, खरं काय?" मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी ताट पुढे सरकवलं आणि विचारलं, "तुम्हाला आनंद झालाय ना मी नापास झाले त्याचा?"

मला वाटलं होतं, तो नाही म्हणेल, काहीतरी सारवासारव करेल. तो म्हणाला, "व्हय, झालाय. खोटं कशाला बोलू?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसला. "वर्कशॉप गेलं. पेपर वाचाय गेलो तर ओळ सापडत न्हाई. एक गाडी राहिलीया. तू चालवाय लागलीस की मी काय करू, तुझ्या शेजारी बसून टाळ वाजवू?"

मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा राग आला, कारण दयेने इथे काही भागणार नव्हतं. येत्या रविवारी तो पुन्हा गाडी काढणार होता. मी शेजारी बसणार होते. परतीच्या वाटेवर नातीला चार दिवस राहायला आणायचं ठरलं होतं, तीही माझ्या मांडीवर असणार होती. मी म्हटलं, "तुम्ही काय कराल ते मला नाही माहीत. मी परत टेस्टला बसणार आहे आणि या वेळी पास होणार आहे." तो म्हणाला, "बस की. मी काय हात धरलाय तुझा?"

त्या रविवारी पोटात दुखतंय असं सांगून मी जयसिंगपूरला जाणं टाळलं. नातीला आणणं राहिलं. मुलगी फोनवर रुसली, तिला मी काही सांगितलं नाही.

मास्तरांनी तो आठवडा मला गाडीपेक्षा हातच जास्त शिकवला. त्यांनी मुद्दाम देवळांचे रस्ते निवडले. या शहरात त्यासाठी फार शोधावं लागत नाही. देऊळ दिसलं की माझी बोटं स्टिअरिंगवर वळवळायला लागायची. मी इतकं घट्ट धरायची की बोटांची नखं पांढरी व्हायची आणि गाडी वाकडी जायची. मास्तर म्हणाले, "मॅडम, एक काम करा. घरातनं निघतानाच सगळ्यांचा एकदम करून टाका. होलसेल." मी हसले. मग खरंच तसं करायला लागले. चप्पल घालायच्या आधी देवघरासमोर उभी राहायची आणि वाटेतल्या सगळ्यांची नावं घ्यायची. मास्तर ज्याला मानायचे तो पीरही त्यात असायचा.

पण हाताला ते पटायला वेळ लागला. लहानपणी आईने कडेवर घेऊन माझे दोन्ही तळवे धरून जोडले असतील, तेव्हापासूनचा तो हात. मला त्या आठवड्यात सारखं वाटत होतं की आपण काहीतरी कोरडं, बेमुर्वत शिकतोय. देवासमोरून मान ताठ ठेवून निघून जायचं, म्हणजे ओळखीच्या माणसाला रस्त्यात ओळख न दाखवण्यासारखं. आणि दुसरंही एक जाणवलं. इतकी वर्षं मी या शहरात राहिले, पण मला रस्ते माहीत नव्हते. देवळं माहीत होती, साड्यांची दुकानं माहीत होती, कुणाच्या घरी कुठे उतरायचं ते माहीत होतं. कुठे वळायचं, कुठून गाडी अचानक पुढ्यात येते, कुठला खड्डा चुकवायचा, हे सगळं मी नवऱ्यावर सोडून दिलेलं होतं. त्याचे डोळे म्हणजे माझेच, असं धरून चालले होते. म्हणून तर त्याचे डोळे जायला लागले तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली.

दुसऱ्या टेस्टला तेच साहेब होते. त्यांनी मला ओळखलं पण काही दाखवलं नाही. ट्रॅक झाला. रस्त्यावर आलो. मारुतीचं वळण जवळ आलं. मी गिअर उतरवला, आरशात बघितलं, समोरून येणाऱ्या केएमटीच्या बसला जाऊ दिलं आणि वळले. पिंपळाची सावली काचेवरून सरकून गेली. मी तिकडे बघितलं नाही. हात जागेवर होते. डाव्या बाजूला मात्र काहीतरी हललं. साहेबांचा हात छातीला जाऊन परत खाली आला होता.

थोडं पुढे गेल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "तुमचाबी केलाय. चला सरळ."

मागे मास्तर खोकल्याचं निमित्त करून हसत होते. मी पास झाले.

बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं." मग कोपऱ्यातल्या नळावर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. पुढच्या काही दिवसांत लायसन पोस्टाने घरी आलं. पाकीट त्यानेच पोस्टमनकडून घेतलं, टेबलावर ठेवलं आणि शेजारी गाडीची किल्ली ठेवली. दिलेला शब्द त्याने पाळला. मला वाटलं होतं, मी आनंदाने उडी मारेन. मी किल्ली उचललीसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती.

रविवारी आम्ही जयसिंगपूरला निघालो. तो डावीकडचं दार उघडून बसला. कुठे काय धरायचं ते त्याला कळेना, पट्टा लावताना धडपडला. मी मदत केली नाही, त्याला आवडलं नसतं. दसरा चौक पार केला. कावळा नाक्याला सगळीकडून गाड्या आलेल्या. मला लेन बदलून डावीकडे घ्यायचं होतं आणि डाव्या आरशात सगळा गोंधळ दिसत होता. मी सहज म्हटलं, "अहो, डावीकडनं कोण येतंय का बघा."

तो समोरच बघत होता. मी पुन्हा म्हटलं. मागून हॉर्न सुरू झाले.

"मला इचारू नको," तो म्हणाला.

"का?"

"मला तिकडचं कायबी दिसत न्हाई."

कशीबशी मी लेन बदलली, नाका ओलांडला आणि पुढे रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली. थोडंफार दिसत नाही हे मला माहीत होतं. डावीकडचं काहीच दिसत नाही, हे माहीत नव्हतं. "कधीपासनं?" मी विचारलं.

"गेल्या गणपतीपासनं."

"आणि मग गाडी कशी चालवत होतासा?"

तो आपल्या पंजांकडे बघत होता. "तुझ्यावर. तू श्वास वर वडलास की मी ब्रेक मारायचो. तू गप बसलीस की रस्ता मोकळा."

गणपतीपासून आम्ही किती रविवार गेलो, आलो. दिवाळीला नातीला आणलं, परत सोडलं. आणि जयसिंगपुरात मुलीच्या हातचं पोटभर जेवून निघालं की हातकणंगले यायच्या आत मला झोप लागते. कायम. नात मांडीवर असते, तीही झोपते.

"येताना मी झोपलेली असते," मी म्हटलं.

"व्हय."

"तेव्हा?"

"तवा एखादा उसाचा ट्रॅक्टर बघायचा आणि त्याच्या मागं मागं यायचं. हळूहळू."

"मला उठवलं का नाही तुम्ही?"

"उठवून काय सांगू? दिसत न्हाई म्हणू?"

मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. पोरीचं पोर होतं गाडीत, असं बोलले, तुमचा मान मोठा की तिचा जीव, असं बोलले. तो ऐकून घेत होता. मान खाली नव्हती, समोर होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, मी गाडीत निवांत झोपायची तेव्हा हा माणूस ट्रॅक्टरचा लाल दिवा धरून, एकटा, जीव मुठीत घेऊन आम्हाला घरी आणत होता. आणि हे कुणाला सांगायची त्याला लाज वाटत होती. मलासुद्धा.

राग गेला नाही. तो अजूनही आहे. पण बोलणं संपलं.

मी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. त्याने दोन घोट घेतले. उन्हाने गाडी तापली होती, मी काचा खाली केल्या. मग आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि गाडी परत रस्त्यावर घेतली. गाडीने आचका दिला नाही.

"आता तुम्ही झोपा," मी म्हटलं.

"आता कुठली झोप," तो म्हणाला.

शिरोलीचा पूल संपला तेव्हा बघितलं तर तो झोपला होता, डोकं काचेला टेकून, तोंड किंचित उघडं. पुढे जयसिंगपूरपर्यंत डावीकडचं आणि उजवीकडचं, सगळं मीच बघत गेले.